आपल्या गावांतून नारू कसा गेला

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले. पाककृती, भरतकाम, देवस्थानांची माहिती यांवर लिहिणाऱ्या भगिनी मंडळात पुष्कळ आहेत आणि त्या माझ्याहून चांगले लिहितात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेल्या वर्षी मंडळात आरोग्य खात्याच्या एका बाईंचे व्याख्यान झाले. त्यात त्यांनी विचारले की, नारू कुणी पाहिला आहे काय? तेव्हा साठीच्या पुढच्या चार-पाच जणींनी हात वर केले, आणि तरुण मुली एकमेकींना ‘नारू म्हणजे काय गं?’ असे विचारू लागल्या. एका पिढीने ज्याच्यापायी खाटेवर उन्हाळे काढले, त्याचे नावही पुढच्या पिढीला ठाऊक नसावे, याचे मला मोठे नवल वाटले. तेव्हापासून मी जमेल तसे वाचीत गेले, घरच्या वडीलधाऱ्या बायकांना विचारीत गेले. त्यातून जे हाती लागले ते येथे लिहीत आहे.

प्रथम नारू म्हणजे काय ते सांगते. नारू हा जंत आहे, पण पोटातल्या जंतासारखा नव्हे. तो कातडीखाली राहतो. त्याची मादी पुरी वाढली म्हणजे दोन-तीन फूट लांब होते आणि जाडीला शेवईएवढी असते. बहुधा पायावर, घोट्याच्या आसपास फोड येतो आणि तेथे निखारा ठेवल्यासारखी आग होते. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो. फोड फुटतो, जंताचे तोंड बाहेर येते आणि तो हजारो पिले पाण्यात सोडतो. साचलेल्या पाण्यात तिळाहूनही बारीक असे सायक्लॉप्स नावाचे किडे असतात. ते ही पिले गिळतात आणि दोनएक आठवड्यांत पिले त्यांच्या पोटात तयार होतात. मग ते पाणी जो पितो त्याच्या पोटात किडा मरून जातो, पण नारूचे पिलू जगते, वाढते आणि सुमारे वर्षाने पायातून बाहेर पडू लागते.

हे ‘वर्षाने’ फार महत्त्वाचे आहे, भगिनींनो. आंबट दही खाल्ले आणि रात्री घसा धरला तर आपण दह्याला दोष देतो. पण गेल्या ज्येष्ठात प्यालेल्या पाण्याने या ज्येष्ठात पायाला फोड आला, असे कुणी परका माणूस येऊन सांगू लागला तर ते कोण खरे मानणार? सारे गाव तेच पाणी पिते. त्यातल्या दहांना नारू होतो, बाकीच्यांना होत नाही. मग लोक म्हणत की हा देवीचा कोप आहे, पूर्वजन्मीचे पाप आहे, अंगातली शीरच सडून बाहेर येते. या समजुतींना आज आपण हसू नये. वर्षापूर्वीचे कारण डोळ्यांना दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याच्या जागी माणूस काहीतरी ठेवतोच.

शास्त्राला मात्र ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. आपल्या आयुर्वेदात या रोगाला स्नायुक म्हणत. पाण्यातला किडा आणि नारू यांचा संबंध १८७० साली फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तानात दाखवला. आपल्या मुंबईच्या प्रयोगशाळेतही १९१४ च्या सुमारास डॉ. तुर्खुड यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसाला असे किडे असलेले पाणी देऊन नारू होतो हे सिद्ध केले. म्हैसूर संस्थानात चित्रदुर्गाकडे डॉ. मूर्ती यांनी १९३० नंतरच्या दशकात पायऱ्यांच्या विहिरींत असे किडे खाणारे मासे सोडून पाहिले. म्हणजे पायऱ्यांची विहीर हे या रोगाचे घर आहे, हे जाणकारांना पहिल्या महायुद्धाच्या वेळेपासून माहीत होते. तरी त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे आपल्या बायका त्याच विहिरींत उतरत होत्या. माहिती होती, पण ती बारवेच्या पायरीपर्यंत आलेली नव्हती.

मराठवाड्यातल्या जुन्या बारवा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना निराळे सांगायला नको. दगडी बांधकाम, चहूबाजूंनी पायऱ्या, कोनाड्यात देव. उन्हाळ्यात पाणी खाली खाली जाई तसतशी बाई पायऱ्या उतरून आत जाई, घोटाभर, कधी गुडघाभर पाण्यात उभी राही आणि कळशी बुडवी. नारू वर येण्याचे दिवसही नेमके तेच, चैत्रापासून मृगापर्यंतचे. पाणी सर्वांत थोडे, किडे सर्वांत दाट, आणि पाण्यात उतरणारे पाय फोडांनी भरलेले. पाणी भरणे हे बाईचे काम, त्यामुळे पाण्यात पाय घालणेही तिच्याच वाट्याचे. पुढे काही शिकलेले लोक गावात येऊन ‘तुम्हीच पाणी नासवता’ असे बायकांना बोलून जात. मला विचाराल तर या बोलण्याने फायद्यापेक्षा तोटाच अधिक झाला. पाय दुखतो म्हणून त्या घरी बसल्या असत्या तर घरात पाणी कुणी आणले असते, हे विचारायचे राहून गेले.

माझ्या सासूबाईंच्या उजव्या घोट्यावर अजून एक वण आहे, वाळलेल्या चिंचेसारखा. त्या लग्न होऊन आल्या त्या गावी एकच बारव होती. १९७५ च्या उन्हाळ्यात त्यांना नारू झाला, तेव्हा थोरले भावजी अंगावर पीत होते. त्या काळी यावर औषध नव्हते. औषध आजही नाही, लसही नाही, आणि एकदा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असेही नाही. जंताचे तोंड बाहेर आले की ते काडीला बांधायचे आणि रोज थोडे थोडे, दोन बोटे, चार बोटे, गुंडाळीत जायचे. ओढताना तुटला तर आत राहिलेला भाग सडतो आणि पाय मांडीपर्यंत सुजतो. सासूबाईंचा तुटला. गावात नारू काढणारा एक म्हातारा होता, त्याने निवडुंगाचा चीक लावला, गरम पोटीस बांधले. सहा आठवडे त्या खाटेवर होत्या. पेरणी तोंडावर आलेली, घरात हाताखाली दुसरी बाई नाही. आजेसासूबाई चिडून म्हणत, ‘बसून खायचं सोंग आलंय.’ सासूबाई हे आज हसून सांगतात. तेव्हा हसल्या नसतील.

तालुक्याला सरकारी दवाखाना होता. गाडीने जायला अर्धा दिवस लागे. तेथे गेलेल्या माणसाला मलमपट्टी करून ‘पाणी गाळून प्या’ असे सांगून परत पाठवीत. मग लोक म्हणत, मलमपट्टी तर आमचा म्हाताराही करतो, आणि पाणी तर आम्ही पदराने गाळतोच. हेही खोटे नव्हते. घरोघर घागरीच्या तोंडाला फडके असे. पण ते विरलेल्या लुगड्याचे, एकेरी, त्यातून किडा सहज जाई. शिवाय शेतावर गेलेला माणूस ओंजळीने पाणी पितो, तेथे फडके कुठले? दवाखान्यात हे कुणी फोड करून सांगितले नाही. सांगायला वेळ नसेल.

त्यानंतरच्या वर्षी, १९७६ साली, आणीबाणीत नसबंदीची मोहीम आली. ती खेड्यापाड्यांत कशी राबवली गेली हे वडीलधाऱ्यांना विचारावे. सरकारी जीप दिसली की पुरुष रानात पळत. सासूबाई सांगतात की त्यांच्या गावात देवी टोचणारा आला तरी बायका कडी लावीत. वही घेऊन दारात उभा राहणारा माणूस काहीतरी न्यायला आला आहे, द्यायला नाही, अशी समजूत घट्ट बसली. आरोग्य खात्यातल्या चांगल्या माणसांनाही पुढे कितीतरी वर्षे तिचा त्रास भोगावा लागला. मला या सगळ्या हकिकतीत हीच बाब मोलाची वाटते. नारूच्या किड्याइतकाच हा अविश्वासही पाण्यात होता, आणि त्याला मारायला कोणतेही औषध मिळत नव्हते.

भारत सरकारने १९८३-८४ साली नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असे करणारा आपला देश पहिला. तो सुरू झाला तेव्हा सात राज्यांत हा रोग होता: राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू. १९८४ साली घरोघर फिरून मोजणी झाली, तेव्हा ३९,७९२ रोगी मिळाले. ही गावे सारी आडवळणाची, पाण्याची टंचाई असलेली. शहरात हा रोग नव्हता, म्हणून शहरातल्या लोकांना त्याची चाडही नव्हती.

या कार्यक्रमात काय काय होते ते थोडक्यात सांगते. वर्षातून दोन-तीनदा गावोगाव रोग्यांचा शोध घ्यायचा. रोग्याच्या जखमेवर पट्टी बांधायची आणि त्याला पाण्यात उतरू द्यायचे नाही. पाणी दुहेरी जाड कापडाने गाळायला शिकवायचे. पायऱ्यांच्या विहिरींना कठडा बांधून पायऱ्या बंद करायच्या, म्हणजे पाणी वरून पोहऱ्याने काढता येईल. जमेल तेथे हापसा बसवायचा. आणि विहिरीत टेमेफॉस नावाचे औषध टाकायचे, ते हजार लिटर पाण्याला एक ग्रॅम इतके थोडे असते, माणसाला अपाय करीत नाही, किडे मात्र मरतात. यातले एकही काम सुईने किंवा गोळीने होणारे नाही. प्रत्येक काम गावाने ‘बरे, करू’ म्हटल्यावरच होते. रोगी लपवला तर शोध फुकट, फडके धुतले नाही तर गाळणे फुकट, आणि विहिरीत औषध टाकू दिले नाही तर डबा तसाच परत.

आमच्या सासरच्या गावी हेच झाले. पहिल्या वेळी दोन तरुण वही घेऊन आले, घरोघर विचारले आणि प्रत्येक घरातून ‘नाही’ असे उत्तर घेऊन गेले. त्या उन्हाळ्यात गावात निदान पंधरा जणांना नारू असेल असे सासूबाई म्हणतात. दुसऱ्यांदा त्यांच्याबरोबर एक सिस्टर आली. तिने वही उघडली नाही. पारावर बसून पाणी मागितले. त्यांच्या शेजारच्या घरात एक मुलगा पडून होता, त्याचे कण्हणे बाहेर ऐकू येत होते. सिस्टर उठून आत गेली, त्याची जखम धुतली, स्वच्छ पट्टी बांधली आणि ‘गुरुवारी येते’ म्हणून गेली. गुरुवारी ती आली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आली, तेव्हा वाटेतला ओढा वाहत होता आणि तिचे लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. तिसऱ्या गुरुवारी लोक आपण होऊन पाय दाखवू लागले. सासूबाई त्या बाईचे आडनाव विसरल्या आहेत, पण ती गुरुवारी येत असे हे विसरल्या नाहीत.

विहिरीत औषध टाकण्यावरूनही गावात वाद झाला. बारवेत देव आहे, त्यात विष कसे टाकू द्यायचे? मुले होऊ नयेत म्हणून तर हे नाही ना? (१९७६ चा चटका असा दहा वर्षांनीही निघत होता.) तेव्हा सिस्टरने बारवेतले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरले. पांढरे ठिपके तुरुतुरु पळताना दिसले. मग तिने ते पाणी दुहेरी मांजरपाटातून गाळले आणि पुन्हा पेला धरला. म्हाताऱ्या बायका पेल्याला डोळा लावून बघत होत्या. आजेसासूबाई, ज्या कुणाचे ऐकत नसत, त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, हे आपण पीत हुतो?’ औषध टाकायला त्या दिवशी कुणी आडवे आले नाही. मात्र टाकण्यापूर्वी देवाला नारळ फोडावा असे ठरले आणि आलेल्या मंडळींनीही तो मान राखला. मला हे शहाणपणाचे वाटते. देवाला हलवायचे नव्हते, किडा मारायचा होता.

हे आमच्याकडचे झाले. पण नारूची खरी मोठी लढाई राजस्थानात झाली, म्हणून तिकडचे थोडे अधिक लिहिते. दक्षिण राजस्थानात बांसवाडा, डुंगरपूर आणि उदयपूर या जिल्ह्यांत भिल्ल लोकांची वस्ती आहे. डोंगराळ मुलूख, टेकडीटेकडीवर विखुरलेली घरे, आणि पाण्यासाठी बावडी. तेथे १९८० नंतरच्या दशकात युनिसेफ आणि स्वीडनच्या मदतीने ‘स्वच’ नावाची योजना सुरू झाली. स्वच्छता, पाणी आणि आरोग्य या तिन्हींसाठी ती होती. तेथेही लोक प्रथम जवळ येत नव्हते. भोप्याकडे जायचे, झाडपाला लावायचा, ही रीत होती.

तेथे दोन गोष्टी घडल्या, त्या मला फार विचार करण्यासारख्या वाटतात. पहिली अशी. शर्मा नावाचे आयुर्वेदाचे एक जाणकार नारू बाहेर पडण्यापूर्वीच काढीत असत. कातडीखाली जंताचे वेटोळे हाताला लागले की तेथे लहानशी चीर द्यायची, जंत आकड्याने उचलायचा आणि अखंड ओढून घ्यायचा. सहा आठवड्यांचे दुखणे काही दिवसांवर येई. योजनेच्या डॉक्टरांनी याला नाके मुरडली नाहीत. त्यांनी ही पद्धत समजून घेतली, स्वच्छतेचे नियम घालून दिले आणि गावोगाव शिबिरे भरवली. पुढे १९९३ साली त्यांनी ती एका परदेशी वैद्यकीय मासिकात लिहूनही प्रसिद्ध केली. शास्त्राच्या काटेकोर हिशेबाने पाहिले तर नारू जायला पाणी शुद्ध होणे पुरेसे होते, चीर देण्याची गरज नव्हती. पण आज ज्याचा पाय जळतो आहे त्याला ‘हे कर म्हणजे पुढच्या वर्षी होणार नाही’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पेरणीचे बियाणे दाखवणे. शिबिरात ज्याचा नारू निघाला तो चालत घरी गेला आणि त्याच्या शेजाऱ्याने त्याला चालताना पाहिले. मग पाणी गाळण्याची गोष्ट ऐकायला कान मोकळे झाले. शिवाय जो जंत वेळेवर निघाला तो विहिरीत पिले सोडायला उरला नाही, हाही फायदा झालाच.

दुसरी गोष्ट हापशाची, आणि यात आपल्या महाराष्ट्राचा हात आहे. पूर्वी सरकारने बसवलेले हापसे बिडाचे असत. ते मूळ परदेशी तऱ्हेचे, एका घराच्या अंगणापुरते केलेले. आपल्याकडे एकेका हापशावर सबंध गाव दिवसभर लोंबकळते, त्यामुळे ते लवकर मोडत. मोडला की तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत महिने जात. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे बोअर पुष्कळ झाले, पण हापसा मोडला की बाई कळशी घेऊन पुन्हा बारवेत उतरत असे. सरकारने दिलेले पाणीही सरकारच्या शब्दासारखेच, आज आहे, उद्या नाही, असे लोक म्हणत. या अडचणीतून जालन्याला मिशनच्या लोकांनी पाण्याच्या कामात मजबूत हापसा तयार केला. त्याला जालना पंप म्हणत. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा झाली. या दोहोंवरून १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क दोन’ हा पोलादी हापसा निघाला, तो पुढे देशभर आणि परदेशांतही गेला. आपल्या गावाच्या वेशीवर जो निळसर हापसा उभा असतो, त्याचे आजोळ जालना आणि सोलापूर आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

पण पोलादाचा झाला तरी हापसा कधीतरी बिघडणारच. ‘स्वच’ योजनेत खेड्यातल्या बायकांनाच हापसा दुरुस्तीचे शिक्षण दिले गेले. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते अशा भिल्ल बायका पाने आणि साखळी घेऊन हापशाचा वरचा भाग उघडू लागल्या. प्रथम पुरुष हसले. अभियंतेही हसले असतील. पण हिशेब सोपा आहे. हापसा बंद पडला तर मिस्त्रीच्या घरी पाणी बंद होत नाही, बाईच्या घरी होते. तेव्हा तो लवकर चालू व्हावा याची निकड तिला जेवढी, तेवढी दुसऱ्या कुणाला असणार? याच बायकांपैकी कित्येक जणी घरोघर जाऊन फडके कसे बांधायचे, त्याची वरची बाजू नेहमी वरच का ठेवायची, ते कसे धुवायचे हे दाखवीत. बाहेरून आलेल्या माणसाला अंगणात थांबवतात. जिच्याबरोबर आपण शेण गोळा केले तिला चुलीपर्यंत येऊ देतात.

बाहेरदेशी हे काम निराळ्या तऱ्हेनेही झाले आहे. बुखारा शहरात तळ्याच्या पाण्यामुळे घरोघर नारू असे. तेथे इसाएव्ह नावाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली १९२० नंतरच्या दशकात तळी आटवली, नळ आणले आणि १९३१ च्या सुमारास रोग नाहीसा झाला. पण ते एक शहर होते. आपल्याकडे हजारो खेड्यांतल्या बारवा हुकुमाने बंद करता आल्या नसत्या, कारण बंद केल्यावर प्यायचे काय?

यानंतर आकडे भराभर उतरले. १९९० साली देशात ४,७९८ रोगी होते, १९९४ साली ३७१, १९९५ साली ६० आणि १९९६ साली अवघे ९. शेवटी शेवटी तर रोगी शोधून कळवणाऱ्याला बक्षीस लावले होते. ज्या दारांतून पूर्वी ‘नाही’ एवढेच ऐकू येई, तेथून लोक स्वतः चालत येऊन संशय कळवू लागले. त्यातले बरेचसे साधे गळू निघे, तरी प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहावे लागे. न जाता ‘नसेल काही’ म्हटले असते तर पुढच्या वेळी कळवायला कोण आले असते? शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षे शोध चालू ठेवला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. जगातून तो अजून पुरता गेलेला नाही. २०२३ साली सर्व जग मिळून १४ माणसांना झाल्याची नोंद आहे. आफ्रिकेत चाड देशात तो कुत्र्यांनाही होतो असे दिसून आल्यामुळे तेथले काम लांबले आहे.

आता कुणी म्हणेल, गेलेल्या रोगाची ही एवढी कथा कशाला? तर माझी धाकटी नणंद भंडाऱ्याकडे दिली आहे. तिकडे हत्तीरोग आहे. तो डासांमुळे होतो. त्यातही बारीक जंतच असतात, आणि एकदा पाय हत्तीसारखा झाला की तो पूर्ववत होत नाही. म्हणून रोग दिसण्यापूर्वीच, धडधाकट माणसांनीही, वर्षातून एकदा गोळ्या खायच्या असतात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर बायका आणि फार आजारी माणसे यांना त्या देत नाहीत. गोळ्या फुकट आहेत, आशाताई त्या दारात घेऊन येते आणि आपल्यासमोर खा म्हणते. नणंद सांगते की निम्मी घरे ‘ठेवा, जेवल्यावर खाऊ’ म्हणतात आणि गोळ्या फळीवरच्या डब्यात जातात. मला काही झालेले नाही, मी औषध का खाऊ, हा प्रश्न येथेही आहे, आणि तो नारूच्या वर्षभराच्या अंतरासारखाच अवघड आहे. त्यातून ज्याच्या अंगात जंत असतात त्याला गोळी खाल्ल्यावर थोडा ताप, चक्कर येते. जंत मरतात म्हणून हे होते. आधी सांगून ठेवले तर माणूस समजून घेतो. नाही सांगितले तर ‘गोळीने आजारी पाडले’ अशी बोंब दुसऱ्या दिवशी गल्लीभर होते. शिवाय या रोगाचे जंत रक्तात रात्रीच सापडतात, म्हणून तपासणीची माणसे रात्री दहानंतर बोटातले रक्त घ्यायला येतात. रात्री अपरात्री परकी माणसे येऊन झोपलेल्या माणसांचे रक्त मागतात, यावर खेड्यात काय काय बोलले जात असेल याची कल्पना आपणही करू शकतो.

गेल्या मोहिमेच्या वेळी नणंद त्यांच्या आशाताईबरोबर आपणच फिरली. आधीच्या दिवशी दोघींनी गल्लीत सांगून ठेवले की उद्या जेवण उरकून घ्या, आम्ही दुपारी येतो, आणि कुणाला रात्री ताप आला तर नणंदेच्या दारावर थाप मारा. दुपारी प्रथम नणंदेने स्वतः आणि तिच्या सासूबाईंनी ओट्यावर बसून सर्वांसमोर गोळ्या खाल्ल्या. रात्री दोघांना ताप आला. त्या दोघांकडे ती आणि आशाताई तेव्हाच जाऊन बसल्या, सकाळी पुन्हा जाऊन आल्या. गल्लीतल्या चौदा घरांपैकी अकरा घरांनी त्या दुपारी गोळ्या खाल्ल्या, दोघांनी आठवड्याने. एका घराने अजून खाल्लेल्या नाहीत. त्या घरातल्या म्हातारबाबांचे म्हणणे असे की, १९७६ साली माझ्या भावाला असेच काहीतरी फुकट देतो म्हणून नेले होते. नणंद म्हणते, त्यांच्याकडे पुन्हा जायचे, पण गोळ्या न घेता, नुसते बसायला.